पोलीस ठाणं नवं करायचंय? आधी माणसांच्या वाटा बघा

प्रश्न एका तालुक्याच्या ठाण्यात नुकतेच प्रभारी म्हणून आलेल्या सहायक पोलीस निरीक्षकांचा आहे. इमारत जुनी, दगडी, कौलारू. जिल्हा नियोजन समितीतून आधुनिकीकरणाला पैसे मिळण्याची शक्यता आहे. इमारत पाडून नवी बांधायची, आहे तीच दुरुस्त करायची, की आधी कॅमेरे, बिनतारी यंत्रणा आणि लोकांसाठी एखादं ॲप यांवर खर्च करायचा, असं त्यांनी विचारलंय.

मी या खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी ठाण्यांत, आणि शेवटची काही वर्षं इमारतींचे आराखडे, अंदाजपत्रकं आणि यंत्रसामग्री यांच्या बैठकांत. दोन्हीकडून बघितल्यावर जे उरलं ते सांगतो. थोडक्यात हवं असेल तर क्रम असा: आधी सातबारा, मग वाटा, मग वीज, मग कॅमेरे. ॲप नकोच.

सातबारा म्हटलं की लोक हसतात. पण आपल्याकडची कितीतरी ठाणी दुसऱ्याच कुणाच्या जागेवर उभी आहेत. कुठे महसूल खात्याच्या, कुठे ग्रामपंचायतीच्या, कुठे जुन्या चावडीच्या. माझ्या एका ठाण्याची फाईल याच एका कागदापायी दोन वर्षं फिरत होती. ठाणं तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून होतं, पण नोंदीत पोलिसांचं नाव नव्हतं. जागा नावावर नसली की सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रकाला हात लावत नाही, आणि लावला तरी प्रस्ताव वरून त्रुटी काढून परत येतो. म्हणून या आठवड्यात एक काम करा. महसूल खात्याकडून सातबारा नाहीतर भूमी अभिलेख कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा, मोजणीचा अर्ज द्या आणि कंपाउंडला चिकटून उभ्या असलेल्या टपऱ्या नक्की कुणाच्या हद्दीत आहेत ते बघा. ही मोजणी तुमच्या बदलीच्या आत झाली तर नशीब समजा.

पाडायचं की नाही? घाई करू नका. जुन्या दगडी भिंती जाड असतात, उन्हाळ्यात आत गार राहतं. दुखणं बहुतेक वेळा छपरात असतं, आणि नंतर कुणीतरी हौसेने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, पोपडे धरतात, आणि मग सगळे म्हणतात इमारत खराब झाली. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. भिंती ठीक निघाल्या तर माझं मत असं की जुन्या भागात लोकांची ये-जा ठेवा, म्हणजे स्वागत कक्ष, ठाणे अंमलदार, बसायची जागा. लॉकअप, मुद्देमाल खोली, कर्मचाऱ्यांच्या खोल्या मागे नव्या बांधकामात न्या. लॉकअपला काँक्रीट लागतं, नळजोडणी लागते, आणि ती जुन्या भिंती फोडून नीट होत नाही.

मध्यंतरी आयएसओ मानांकनाची लाट आली होती. ठाण्याठाण्यात कुंड्या, सुविचार, भिंतीवर वाघाचं चित्र, आणि फायलींवर रंगीत लेबलं. लेबलं चांगली होती, तेवढं श्रेय देतो. बाकी कुंड्या पहिल्या उन्हाळ्यात वाळल्या.

आता वाटा. आर्किटेक्टने आराखडा दिला की त्याची झेरॉक्स काढा आणि चार रंगांच्या पेन्सिली घ्या. निळी तक्रारदाराची, लाल अटक केलेल्या माणसाची, हिरवी मुद्देमालाची, काळी आपल्या कर्मचाऱ्यांची. प्रत्येकाची गेटपासून आत आणि परत बाहेरपर्यंतची वाट रेघेने काढा. निळी आणि लाल रेघ जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुमचं ठाणं नापास. बहुतेक जुन्या ठाण्यांत चारही रेघा एकाच दारातून, एकाच व्हरांड्यातून जातात. नव्या ठाण्यांतही जातात, फक्त काच जास्त असते.

याचं महत्त्व मला एका संध्याकाळी कळलं. एक आई मुलीला घेऊन आली होती. ठाणे अंमलदार दुसऱ्या कामात होता म्हणून त्यांना बाकावर बसवलं. दहा मिनिटांनी डीबीची, म्हणजे गुन्हे शोध पथकाची पोरं, ज्या मुलाविरुद्ध तक्रार द्यायला त्या आल्या होत्या त्यालाच घेऊन आली, दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यात. जागा नव्हती, त्यालाही त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मी राउंडवरून परत आलो तेव्हा मायलेकी निघून गेल्या होत्या. नाव, गाव काही नोंदलेलं नव्हतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. पण जी बाई तोंड उघडण्याआधीच उठून गेली, तिच्यासाठी तो निकाल कुठून लागू होणार? तिथे आडवं आलं ते लाकडी बाकडं.

दुसरा प्रसंग तुम्ही रोज बघताच. बांधावरून मारामारी होते आणि दोन्ही पार्ट्या एकाच वेळी ठाण्यात येतात, ट्रॅक्टर भरभरून. परस्परविरोधी तक्रारी घ्यायच्या आहेत आणि बसायला एकच व्हरांडा. ठाण्याच्या आवारातच दुसरी मारामारी होते आणि तिसरा गुन्हा आपणच दाखल करतो. म्हणून बसायच्या जागा दोन हव्यात, एकमेकींना न दिसणाऱ्या, आणि शक्य असेल तर बाहेर पडायचे रस्तेही दोन. वेगळ्या खोल्या नसल्या तरी चालेल, मध्ये एक आडभिंत पुरते. या एका भिंतीने माझा जितका बंदोबस्त वाचवला तितका कुठल्याही यंत्राने वाचवला नाही.

ठाणे अंमलदाराचं टेबल उंच चौथऱ्यावर असेल तर तो चौथरा फोडा. तक्रारदार उभा आणि अंमलदार वर बसलेला, ही मांडणी कोर्टाला शोभते. समोर दोन खुर्च्या ठेवा, आणि संगणकाचा पडदा असा लावा की टाइप होणारी फिर्याद तक्रारदारालाही वाचता येईल. निम्म्या दुरुस्त्या तिथेच होतात. ‘साहेब, सुऱ्याने नाही, विळ्याने मारलं’ हे सही करायच्या आधी कळलेलं बरं.

लहान मुलांसाठी वेगळी खोली हवी का, असं कुणीतरी बैठकीत विचारेल. हवी. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला, लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवता येत नाही, हे बाल न्याय अधिनियमात स्वच्छ लिहिलंय. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, जबाब शक्यतो मुलाच्या घरी आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तरी प्रत्यक्षात मुलं ठाण्यात येतात, तासन्‌तास बसतात. त्यांना बसवायला जागा नसली की मुद्देमालाच्या खोलीबाहेर बसवलं जातं. खोली छोटी चालेल. तिला वेगळं दार असावं आणि भिंतीवर फरारींचे फोटो नसावेत.

रॅम्प हवाच, आणि त्याचा उतार बाराला एक यापेक्षा तीव्र नको. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. कंत्राटदार जागा वाचवायला घसरगुंडी बांधतात. व्हीलचेअरवरचा माणूस सोडा, चहावालासुद्धा त्यावरून जात नाही.

महिला कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाबद्दल एकच सांगतो. आराखड्यात ते नेहमी असतं. दोन वर्षांनी जाऊन बघा, त्यात जुनं रेकॉर्ड भरलेलं असतं आणि बाहेर कुलूप. याचं कारण रेकॉर्ड रूम लहान बांधली जाते. त्यामुळे रेकॉर्ड रूम तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट मागा, जमिनीपासून वर उचललेल्या लोखंडी मांडण्यांसह, कारण वाळवी लाकडाच्या कपाटातून थेट फायलीत जाते. रेकॉर्डला जागा मिळाली की बायकांचं स्वच्छतागृह आपोआप वाचतं. कपडे बदलायला खोली आणि प्रत्येकाला लॉकर हे त्याच मजल्यावर हवं. बारा-बारा तासांच्या बंदोबस्तावरून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नसेल, तर तो समोरच्या तक्रारदाराशी कसा बोलेल ते वेगळं सांगायला नको.

लॉकअपमध्ये माणूस मरू नये, हा आराखड्याचा हेतू ठेवा. गळफास अडकवता येईल असं काहीही आत नको. उघडा पाइप नाही, पंख्याचा हुक नाही, हात पोचेल अशा उंचीवर गजांची खिडकी नाही. खिडकीला आतून बारीक जाळी. दिव्याची बटणं बाहेर. संडासाची भिंत कमरेइतकी, म्हणजे लाज राहते आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला डोकंही दिसतं. पहारा बसतो त्या खुर्चीतून कोठडीचा प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे. आराखडा मंजूर करण्याआधी जमिनीवर खडूने कोठडी आखा आणि तिथे खुर्ची टाकून स्वतः बसून बघा. मी एकदा असं केलं आणि एक खांब दीड फूट सरकवला.

मुद्देमालावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण नव्या इमारतीचं आयुष्य तोच ठरवतो. तुमच्या आवारात आत्ता किती मोटारसायकली गंजत आहेत ते मोजा. वाळूचे ट्रॅक्टर, अपघातातल्या जीपगाड्या, टायर गेलेले, वेली चढलेल्या. त्या तिथे असतील तोवर कितीही देखणी इमारत बांधा, पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या तुमच्याच ठाण्यात सापडतील. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं होतं की वाहनं महिनोन्‌महिने ठाण्यात पडू देऊ नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि सोडा. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदतच घातली आहे. माल न्यायालयासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र, फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पण न्यायालय आदेश देईल कधी? आपण अर्ज दिला तर. म्हणून मुद्देमाल कारकुनाला एक माणूस जोडून द्या आणि सहा महिने फक्त याच कामाला लावा. वर्षवार यादी, प्रत्येक मालासमोर कोर्ट, खटला क्रमांक, खटल्याची सद्यस्थिती. निकाल लागून दहा-दहा वर्षं झालेले खटले निघतील आणि माल आपल्याकडेच असेल. याला पैसे लागत नाहीत. पण हे आधी केलंत तर नव्या मुद्देमाल खोलीचं क्षेत्रफळ निम्म्यावर येईल.

खोलीच्या आत मांडण्या, बारकोड किंवा क्यूआर कोड, आणि तीन गोष्टींना वेगळी जागा. दारू आणि ज्वलनशील द्रव बाहेरच्या हवेशीर खोलीत. व्हिसेराच्या, म्हणजे मृतदेहातल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, बाटल्या कुलूपबंद कपाटात, आणि त्या वेळेत प्रयोगशाळेत गेल्या पाहिजेत. स्फोटकं मात्र ठाण्यात ठेवायचीच नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरजवळच्या नौगाम ठाण्यात जप्त केलेल्या स्फोटकांचा अपघाताने स्फोट झाला आणि नऊ जण गेले. आपल्याकडे विहिरीच्या कामाच्या जिलेटीनच्या कांड्या आणि डिटोनेटर सर्रास एकाच कपाटात पडलेले मी बघितलेत. बॉम्बशोधक पथकाला बोलवा आणि कोर्टाची परवानगी घेऊन ते नष्ट करून टाका.

विजेचं कुणी विचारत नाही. ठाण्याचा मंजूर भार बहुधा दिवे-पंख्यांच्या काळातला असतो. त्यावर आता सीसीटीएनएसचे, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या देशभरच्या जाळ्याचे, संगणक, सर्व्हर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, बिनतारी संच, चार्जिंगला लावलेले वॉकीटॉकी, आणि साहेबांच्या खोलीतला एसी. भार वाढवून घ्या, अर्थिंग नवं करा, आणि संगणक-कॅमेरे-बिनतारी यांची वायरिंग बाकीच्या ठाण्यापासून तोडून सौर पॅनेल आणि बॅटरीवर टाका. उन्हाळ्यात वळवाच्या पावसाने तालुक्याची वीज गेली की रात्रभर येत नाही, आणि अपघातही त्याच रात्री होतात.

कॅमेऱ्यांबद्दल तुम्ही ‘किती लावू’ असं विचारलंय. ते तुमच्या हातात राहिलेलं नाही. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जागा नेमून दिल्या आहेत: मुख्य गेट, आत-बाहेर जायची सगळी दारं, सगळ्या कोठड्या आणि त्यांच्या बाहेरची जागा, बोळ, व्हरांडे, स्वागत कक्ष, निरीक्षक-उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, स्वच्छतागृहाच्या बाहेर, इमारतीची मागची बाजू. रात्री दिसणारे आणि आवाज टिपणारे कॅमेरे हवेत. साठवण १८ महिने, आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर कमीत कमी एक वर्ष. आणि यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी प्रभारी अधिकाऱ्याची, म्हणजे तुमची. या आदेशाला पाच वर्षं होत आली तरी कित्येक ठिकाणी कॅमेरे बंदच होते, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा दखल घेतली, या वेळी स्वतःहून.

इथे बहुतेकांची फसगत होते ती हिशोबात. निविदेत ‘१६ कॅमेरे, रेकॉर्डर व हार्ड डिस्कसह’ असं लिहिलेलं असतं. एक कॅमेरा दोन एमबीपीएसच्या दराने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचे सुमारे ३४५ जीबी. अठरा महिन्यांचे १८५ टीबीच्या घरात. पुरवठादार देतो दोन डिस्क मिळून १६ टीबी, आणि ती दीड महिन्यात भरते. त्यानंतर जुनं पुसून नवं चढत जातं. दीड महिन्यानंतर मानवी हक्क आयोगाचं पत्र येतं, आणि तुम्ही लिहिता ‘फुटेज उपलब्ध नाही’. ते वाचणारा माणूस डिस्कचा हिशोब करत बसत नाही. तो म्हणतो, पुसलं. म्हणून निविदेत कॅमेऱ्यांची संख्या दुय्यम ठेवा. ‘अमुक दर्जाचं चित्रण, आवाजासह, इतके महिने’ अशी अट लिहा आणि त्याची टीबीमधली बेरीज स्वतः करून बघा. पाच वर्षांचा देखभाल करार त्याच किमतीत बांधा. नंतर देखभालीचे पैसे वेगळ्या लेखाशीर्षातून मागायला गेलात की हाती काही लागत नाही.

आणखी एक. त्याच आदेशात सांगितलंय की आवारात कॅमेरे आहेत, आणि हक्कांचं उल्लंघन झालं तर तक्रार कुठे करायची, फुटेज जपून ठेवायला सांगायचा हक्क आहे, हे मोठ्या अक्षरांत स्थानिक भाषेतही लावायचं. मी किती ठाण्यांत ही पाटी बघितली? बोटांवर मोजण्याइतक्या. काही सहकाऱ्यांना वाटतं, ही पाटी म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. माझा अनुभव उलटा आहे. खोट्या आरोपातून माझे दोन अंमलदार सुटले ते व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यामुळे.

बिनतारी यंत्रणेवर नवे संच मागण्याआधी हद्दीचा नकाशा घ्या आणि गस्तीच्या गाडीला आठवडाभर एक जास्तीचं काम द्या. प्रत्येक गावातून, घाटातून, धरणावरून नियंत्रण कक्षाला हाक मारायची आणि आवाज कसा गेला ते नकाशावर टिंबाने मांडायचं. पोलिसांचे व्हीएचएफ संच साधारण नजरेच्या रेषेत चालतात, मध्ये डोंगर आला की आवाज मरतो. तुम्हाला मुकी ठिकाणं सापडतील, आणि बहुधा तीच ठिकाणं असतील जिथे मोबाइललाही रेंज नाही. तो नकाशा घेऊन बिनतारी विभागाकडे जा. आवाज पुढे पोचवणारा रिपीटर कुठल्या टेकडीवर हवा याचं उत्तर त्यातच असतं. ‘आम्हाला डिजिटल संच द्या’ या अर्जापेक्षा असा नकाशा पुढे सरकतो.

काही जण म्हणतात, हातात मोबाइल असताना बिनतारी कशाला. त्यांनी आषाढीला पंढरपुरात बंदोबस्त केलेला नसतो. लाखोंची गर्दी एका जागी आली की मोबाइलचं जाळं गुदमरतं, फोन लागतच नाही. तेव्हा वाळवंटावर हरवलेल्या म्हातारीचं नाव पुकारणारा भोंगा आणि कमरेचा वॉकीटॉकी, एवढंच चालतं. तुमच्या हद्दीत जत्रा भरत असेल तर ध्वनिक्षेपकांची कायमची तारजोडणी करून ठेवा. दरवर्षी मंडपवाल्याकडून भाड्याने घेऊ नका.

आता लोकांशी संपर्क. ११२ या आपत्कालीन नंबरला केलेला फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, आणि तिथून तुमच्या गाडीतल्या पडद्यावर येतो. केंद्रातल्या मुलीला तुमचा तालुका माहीत नसतो. घाबरलेला माणूस सांगतो, ‘मारुतीच्या पाराजवळ, जुन्या गिरणीसमोर’. पारही तालुक्यात सतरा आणि मारुतीही. यावरचा उपाय फुकट आहे. बीट अंमलदार आणि पोलीस पाटील यांना बसवून प्रत्येक गावच्या बोलीतल्या ठिकाणांची यादी करा: पार, गिरणी, वस्त्या, मळे, फाटे, आणि त्यांचे नकाशावरचे बिंदू. ती यादी जिल्हा नियंत्रण कक्षाला द्या आणि गाडीतल्या चालकाला पाठ करायला लावा. गाडी पोचायला जो वेळ जातो त्यातला बराचसा पत्ता शोधण्यात जातो, रस्ता कापण्यात कमी.

ठाण्याचा दूरध्वनी मात्र बंद करू नका. गावाकडचा माणूस ११२ च्या आधी ठाण्यालाच फोन लावतो, कारण नंबर भिंतीवर रंगवलेला असतो. आज रात्री दोन वाजता अनोळखी नंबरवरून तुमच्याच ठाण्याला फोन लावून बघा. उचलला जातो का, किती घंटांनंतर, आणि पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो. मी हे नवीन ठिकाणी गेलो की पहिल्या आठवड्यात करायचो. एकदा उत्तर आलं, ‘कोण आहे रे?’ दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला त्याच्याबद्दल बोललो, नाव न घेता.

कायद्याने लोकांना काय कळवायचं ते बरंच ठरवून दिलंय, आपण ते संपर्क म्हणून बघत नाही एवढंच. प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, इंटरनेट धड नसेल तर ७२ तासांपर्यंत, आणि संवेदनशील गुन्हे वगळायचे, हे २०१६ पासून आहे. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावायचं, हे नव्या संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते कलम १९३ मधलं: तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, मोबाइलवरूनही चालतं. ठाण्याविषयी लोकांची मोठी तक्रार काय असते? ‘फिर्याद दिली, पुढे काही कळलंच नाही.’ चोर सापडला नाही याचा राग लोक विसरतात, विचारायला गेलो आणि हाकलून दिलं हे विसरत नाहीत. एका महिला अंमलदाराला रोज दुपारी एक तास द्या. जुन्या फिर्यादींची यादी घेऊन तिने रोज पंधरा जणांना फोन करायचे. ‘तुमच्या मोटारसायकलचा तपास चालू आहे, अजून मिळालेली नाही.’ एवढंच. दोन महिन्यांत गावाचा सूर बदलतो, आणि अशा फोनवर कधीकधी तपासाचा धागाही मिळतो.

अफवांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुलं पळवण्याचे खोटे व्हिडिओ त्याआधी मोबाइलवर फिरत होते. अशा वेळी पोलिसांचा खुलासा अफवेच्या आधी गावात पोचलेला असावा लागतो, आणि तो ट्विटरवर टाकून राईनपाड्यासारख्या वस्तीवर पोचत नाही. तिथे ग्राम सुरक्षा यंत्रणा कामाला येते. गावातले नंबर आधी नोंदवलेले असतात, एका माणसाने टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप त्याच्याच आवाजात सगळ्या गावाच्या फोनवर वाजतो. साध्या फोनवरही वाजतो, वाचता न येणाऱ्यालाही कळतो. तुमच्या हद्दीत ही यंत्रणा कागदावर असेल तर किती गावांचे नंबर चालू आहेत ते तपासा. निरोप तिथल्या बोलीत द्यायला पोलीस पाटलाला शिकवा, आपल्या शासकीय मराठीत नको. ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते’ ऐकल्यावर लोक फोन ठेवून देतात.

व्हॉट्सॲप गट करा, पण त्यात फक्त प्रभारी आणि दोन माणसं लिहू शकतील असं ठेवा. नाहीतर सकाळी शुभेच्छांची फुलं आणि रात्री तुमच्याच गटातून अफवा. आणि फोटो टाकताना हात आवरा. पकडलेल्याचा चेहरा दाखवला की ओळख परेड गेली. पीडितेचं नाव, गाव, शाळा यांतलं काहीही ओळख पटेल असं गेलं की तो आपल्यावरच गुन्हा आहे.

ॲपला मी सुरुवातीलाच नको म्हटलं. ११२ आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, राज्य पोलिसांचं तक्रारीचं संकेतस्थळ आहे. तालुक्याचं वेगळं ॲप म्हणजे उद्घाटनाचा एक फोटो आणि पुढच्या प्रभाऱ्याच्या माथी एक बंद पडलेला सर्व्हर. त्यात एखाद्या बाईने रात्री मदतीचं बटण दाबलं आणि पलीकडे कुणीच बघत नव्हतं, तर उत्तर तुम्ही द्याल. ते पैसे १९३० चे फलक बँकांबाहेर लावायला वापरा. फसवणुकीची रक्कम थांबवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते, आणि लोक बँकेत चौकशी करून, मग ठाण्यात येऊन, मग घरी जाऊन कागद आणण्यात तो वेळ घालवतात.

वेळापत्रकाचं शेवटी लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. नियोजन समितीचा पैसा आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, या पायऱ्या घाईत होत नाहीत. सातबारा, स्ट्रक्चरल ऑडिट आणि मुद्देमालाची यादी गणपतीपर्यंत हातात ठेवा, अंदाजपत्रक दिवाळीआधी वर जाऊ द्या. जानेवारी उजाडला आणि काहीच बांधलेलं नसेल, तर मार्चमध्ये तुम्हाला सोफासेट, दोन मोठे टीव्ही आणि एक एलईडी पाटी घ्यायला सांगितलं जाईल. त्या वेळी निदान लॉकअपची जाळी, अर्थिंग आणि रेकॉर्डच्या लोखंडी मांडण्या यांची तयार अंदाजपत्रकं खणात असू द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ज्याचा कागद तयार असतो त्याचंच काम होतं.